ब्रेक कोण दाबतंय? लॅपटॉप तापतो आणि मंदावतो तेव्हा

एप्रिलच्या शेवटी नागपूरहून मावसबहिणीचा फोन आला. ती शाळेत शिक्षिका. निकालपत्रकांचं काम डोक्यावर, आणि लॅपटॉप असहकार पुकारून बसलेला. "दादा, पाह्य ना, एक आकडा टाकला का अर्धा मिनिट लागून राह्यला. लई तापून राह्यला वाटते." बाहेर ४३ अंश होते, त्यामुळे 'तापत असेल' हे निदान कुणालाही पटलं असतं. तिच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यालाही पटलं. त्याने मशीन उघडलं, पंखा साफ केला, प्रोसेसरवर ऊब वाहून नेणारी नवी पेस्ट लावली आणि ८०० रुपये घेतले. लॅपटॉपची चाल होती तशीच राहिली.

मी तिला टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स'च्या पानावरचा प्रोसेसरचा वेग वाचायला सांगितलं. ०.३९ गिगाहर्ट्झ. मग तापमान दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला. ५१ अंश.

३८ अंशांच्या खोलीत ५१ अंशांवर असलेला प्रोसेसर म्हणजे थंडगारच म्हणायचा. त्याला १०० अंशांपर्यंत मुभा असते. तरी तो आपल्या ठरलेल्या वेगाच्या पाव भागाने रांगत होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा प्रकार.

लॅपटॉप 'तापतो' आणि लॅपटॉप 'मंदावतो' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या पुष्कळदा हातात हात घालून येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. पण प्रोसेसर कधी आळसाने मंदावत नाही. कुणीतरी ब्रेक दाबलेला असतो, आणि ब्रेकवर पाय ठेवू शकणारे बरेच जण असतात. तापमान हा त्यातला फक्त एक. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ब्रेकवर कुणाचा पाय आहे ते बघायचं. एवढं केलं तरी निम्मे खर्च वाचतात.

वीज आत, ऊब बाहेर

मिक्सरला दिलेल्या विजेतली काही पातं फिरवण्यात जाते. प्रोसेसर काही फिरवत नाही, उचलत नाही, उजेडही पाडत नाही. त्याच्यात गेलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. १५ वॉट आत गेले की १५ वॉट बाहेर काढायचे, आणि तेही नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून. १५ वॉट म्हणजे घरातल्या एखाद्या मोठ्या एलईडी बल्बाइतकी वीज, पण बल्बाचं अंग ऐसपैस असतं. या बिचाऱ्याला अंगच नाही.

किती वीज लागेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: वेग आणि व्होल्टेज. वेग दुप्पट केला की वीज दुप्पट, इथवर सरळ आहे. पण व्होल्टेजचा हिशेब वर्गाने चालतो, म्हणजे व्होल्टेज गुणिले व्होल्टेज असा, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावंच लागतं. वेग २० टक्क्यांनी वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्क्यांनी चढवलं, तर १.२ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे जवळपास १.४५. पाचव्या हिश्शाने काम वाढलं, पण ऊब जवळजवळ दीडपट झाली. हाच हिशेब उलटाही चालतो, आणि लॅपटॉप थंड ठेवण्याच्या बहुतेक युक्त्या त्याच उलट्या हिशेबावर उभ्या आहेत. शेवटचा थोडासा वेग सोडून दिला की ऊब बरीच कमी होते.

एके काळी ही अडचण इतकी नव्हती. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधल्या विजेच्या सूक्ष्म कळा, जितके लहान करू, तितकं त्यांचं व्होल्टेजही उतरवता येतं. म्हणजे त्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर कोंबले तरी ऊब तेवढीच. तीसेक वर्षं या जोरावर वेग वाढत गेला. मग व्होल्टेज खाली यायचं थांबलं, ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळू लागली, आणि २००४ मध्ये इंटेलला पेंटियम ४ नंतरचा एक प्रोसेसर बाजारात येण्याआधीच रद्द करावा लागला. वीज आणि उष्णता हे त्यामागचं मोठं कारण होतं. त्या प्रोसेसरचं सांकेतिक नाव होतं 'तेजस'. इतकं चपखल नाव ठरवूनही सापडलं नसतं.

तेव्हापासून धोरण बदललं. सगळीकडे, सतत, पूर्ण वेगाने पळणं परवडत नाही. म्हणून गरज असेल तेव्हा क्षणभर धावायचं आणि एरवी झोपायचं. तुम्ही हा परिच्छेद वाचत असताना तुमचा प्रोसेसर सेकंदाला अनेकदा डुलकी घेऊन जागा होतोय. कोणत्या भागाने केव्हा झोपायचं, किती गाढ झोपायचं, जागं झाल्यावर किती वेगाने धावायचं, या सगळ्या कारभाराला पॉवर मॅनेजमेंट म्हणतात. हा कारभार प्रोसेसर स्वतः, लॅपटॉपचा बायोस (सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा मूळ प्रोग्रॅम) आणि विंडोज किंवा लिनक्स असे तिघे मिळून चालवतात. तीन तिघाडा, काम बिघाडा कधी कधी होतंच.

पहिला ब्रेक: तापमान

२००१ मध्ये एका संगणकविषयक संकेतस्थळाने एक प्रयोग केला होता. चालू संगणकातल्या प्रोसेसरच्या डोक्यावरचा धातूचा ठोकळा, ज्याला हीटसिंक म्हणतात, तो मध्येच काढून घेतला. एएमडीचा त्या वेळचा अ‍ॅथलॉन काही क्षणांत धूर सोडून मेला. इंटेलचा पेंटियम ४ मात्र कूर्मगतीने का होईना, चालत राहिला. त्याच्यात तापमान बघून आपला वेग आपणच उतरवण्याची सोय होती. आज ही सोय सगळ्यांतच असते. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची हद्द १०० अंश असते, एएमडीची साधारण ९५ ते १०५. हद्द गाठली की प्रोसेसर वेग उतरवतो, आणि तरीही भागलं नाही तर संगणक थेट बंद होतो. म्हणून ९० अंश दिसले की जीव टांगणीला लावण्याचं कारण नाही. जड काम चालू असताना पातळ लॅपटॉपमध्ये ९० अंश नेहमीचेच. काही न करता ८० अंश दिसले तर मात्र काहीतरी बिनसलंय.

खोलीच्या हवेचा इथे सरळ बेरीज-वजाबाकीचा संबंध आहे. पंखा आणि हीटसिंक मिळून प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा अमुक अंश वर ठेवतात, त्याखाली नेऊ शकत नाहीत. समजा ठरावीक कामाला तुमचा लॅपटॉप हवेपेक्षा ५० अंश वर जातो. पुण्यात डिसेंबरमध्ये २० अंशांच्या खोलीत तो ७० दाखवेल. तोच लॅपटॉप, तेच काम, मे महिन्यात चंद्रपूरच्या ४० अंशांच्या खोलीत: ९०. लॅपटॉपमध्ये काहीच बिघडलेलं नाही. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की यंत्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावं. विदर्भात ही अट मार्चअखेरीस मोडते आणि पाऊस येईपर्यंत मोडलेलीच राहते.

कूलरपुढे लॅपटॉप ठेवून काम करणारे मी पाहिले आहेत. हवा गार होते हे खरं, पण कूलरच्या झोताबरोबर पाण्याचे बारीक थेंबही उडतात, आणि ते पाणी बहुधा क्षारयुक्त बोअरचं असतं. खोली गार करावी, लॅपटॉप झोतात धरू नये.

दुसरा ब्रेक: वॉटांची शिधापत्रिका

दुकानदार हा ब्रेक सांगत नाहीत आणि दुरुस्तीवाल्यांना तो बहुधा ठाऊक नसतो. खोक्यावर लिहिलेलं असतं '३.४ गिगाहर्ट्झपर्यंत'. यातला 'पर्यंत' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

माझ्या बहिणीच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा आय-५ ८२५०यू आहे, २०१७ सालचा. त्याचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ, कमाल ३.४, आणि विजेचं ठरलेलं माप १५ वॉट. त्याच्या आधीच्या पिढीतल्या ७२००यूचा मूळ वेग २.५ होता. नवा प्रोसेसर जुन्याहून मंद कसा? कारण जुन्यात दोन कोअर (स्वतंत्रपणे राबणारे भाग) होते, नव्यात चार, आणि शिधा मात्र तोच: १५ वॉट. दोघांच्या घरात चौघं जेवायला बसले की वाटणी कमी होणारच. मूळ वेग म्हणजे सगळे कोअर एकदम राबत असताना, ठरलेल्या १५ वॉटांत, कायम टिकणारा वेग.

प्रत्यक्षात प्रोसेसरला दोन मर्यादा आखून दिलेल्या असतात. एक थोड्या वेळासाठी, एक कायमची. काम सुरू झालं की तो पहिले काही सेकंद सढळ हाताने वीज घेतो. बहुधा २८ सेकंद, पण लॅपटॉप बनवणारी कंपनी हे बदलू शकते. या वेळात तो २५, ४०, नव्या यंत्रांत ६० वॉटसुद्धा ओढतो. मग उधळपट्टी संपते आणि तो १५ वॉटांवर येऊन बसतो. वेग ३.४ वरून दोनच्या आसपास उतरतो. वापरणाऱ्याला वाटतं बिघाड झाला. व्हिडिओ तयार करताना पहिला अर्धा मिनिट झपाट्याने जातो आणि मग गाडी रखडते, ती यामुळे. तापमान ७०-७५च असतं. इथे पंखा साफ करून, पेस्ट बदलून काडीचाही फरक पडणार नाही.

या मर्यादा कंपनी ठरवते, म्हणून एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप सारख्या वेगाने चालतील असं नाही. जाड, दोन पंख्यांच्या यंत्राला कंपनी २५ वॉट देईल, पातळ देखण्याला १२. माझं मत विचाराल तर लॅपटॉप घेताना प्रोसेसरचा क्रमांक वाचण्यापेक्षा 'हा सतत किती वॉट ओढतो' हे शोधणं जास्त उपयोगाचं. फक्त ते खोक्यावर कधीच छापलेलं नसतं.

यातच आणखी एक उपप्रकार आहे: कातडीचं तापमान. म्हणजे लॅपटॉपच्या पाठीचं, आणि पर्यायाने तुमच्या मांडीचं. प्रोसेसर ९५ अंश सोसतो, आपली त्वचा ४५ सुद्धा फार वेळ सोसत नाही. म्हणून बाहेरचा पत्रा किती तापलाय याचा अंदाज घेऊन वॉट कमी केले जातात. एएमडीच्या लॅपटॉप प्रोसेसरांत या कामासाठी वेगळी यंत्रणाच आहे, आणि लेनोवोच्या काही थिंकपॅड लॅपटॉपना तर आपण टेबलावर आहोत की मांडीवर हेही कळतं. ही काळजी उगाच नाही. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी एका १२ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. महिनोन्‌महिने मांडीवर लॅपटॉप घेऊन खेळल्यामुळे त्याच्या डाव्या मांडीवर जाळीदार तपकिरी डाग उठले होते. शेगडीला चिकटून बसणाऱ्यांच्या पायांवर पूर्वी दिसायचे तसेच हे डाग.

तिसरा ब्रेक: बाहेरून आलेला हुकूम

आता नागपूरकडे परत. तापमान ५१, वेग ०.३९. तापमानाचा ब्रेक नाही, वॉटांचाही नाही, कारण तो प्रोसेसर जेमतेम दोन वॉट घेत होता. मग उरतं कोण?

प्रोसेसरला एक तार असते, प्रॉकहॉट नावाची. 'प्रोसेसर हॉट'चं ते लघुरूप. मुळात ही तार प्रोसेसरने बाहेर ओरडून सांगण्यासाठी होती: मी तापलोय! पुढे ती दुहेरी केली गेली. आता मदरबोर्डवरचा, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटपाटीवरचा, इतर कोणताही भागही त्याच तारेवरून प्रोसेसरला हुकूम सोडू शकतो: थांब, हळू चाल. व्होल्टेज पुरवणारे भाग तापले, एखादा सेन्सर बिघडला, बॅटरी पुरेशी वीज देईना, किंवा चार्जर ओळखीचा वाटला नाही, तर तार ओढली जाते. प्रोसेसर कारण विचारत नाही, थेट तळाच्या वेगावर जातो. ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर (म्हणजे ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर) चिकटून बसलेला थंड प्रोसेसर दिसला की पहिला संशय या तारेवर घ्यावा.

मी बहिणीला चार्जर काढायला सांगितला. दोन सेकंदांत वेग २.९ वर गेला.

मग हळूहळू बाकीची हकिकत बाहेर आली. जुन्या चार्जरची पिन वाकली होती, म्हणून तिने सीताबर्डीवरून ६०० रुपयांचा दुसरा घेतला होता. बॅटरी त्या दिवसापासून १४ टक्क्यांपुढे जात नव्हती, पण ते तिने बॅटरीच्या म्हातारपणावर ढकललं होतं. काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून वीज जात नाही, ओळख जाते: मी ६५ वॉटचा आहे. ही ओळख पटली नाही तर लॅपटॉप वाईटातलं वाईट गृहीत धरतो, बॅटरी चार्ज करायला नकार देतो आणि प्रोसेसरला कोपऱ्यात बसवतो. टाइप-सीच्या लॅपटॉपला मोबाइलचा १८-२० वॉटचा चार्जर जोडला तरी असाच, थोडा सौम्य, अनुभव येतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी ३७ क्रमांकाची नोंद सापडू शकते. अमुक प्रोसेसरचा वेग फर्मवेअरने (बायोससारख्या, यंत्रातच भरलेल्या प्रोग्रॅमने) मर्यादित केला आहे, अशा अर्थाची. आमच्याकडे अशा नोंदींची रांग लागली होती.

'थ्रॉटलस्टॉप' नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅममधून ही तार तात्पुरती बहिरी करता येते, आणि आंतरजालावर लोक हा उपाय बिनदिक्कत सुचवतात. तपासापुरता ठीक आहे. पण तार जर व्होल्टेजचे भाग तापल्यामुळे ओढली जात असेल, तर ती कापणं म्हणजे कुकरची शिट्टी बांधून ठेवणं.

पंधरा मिनिटांची तपासणी

एवढं कळल्यावर तपासणी अवघड नाही. एचडब्ल्यूइन्फो किंवा इंटेलच्या यंत्रावर थ्रॉटलस्टॉप उतरवून घ्या. विंडोजचा टास्क मॅनेजर वेग दाखवतो, पण प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. लक्ष चार आकड्यांवर ठेवायचं: तापमान, वेग, वॉट आणि पंख्याचे फेरे. एकटा आकडा फसवतो, चारही एकत्र वाचायचे. थ्रॉटलस्टॉपमध्ये 'लिमिट्स' नावाची खिडकी आहे. तिच्यात ब्रेक दाबणाऱ्याचं नावच लाल रंगात दिसतं, आणि मघाशी दाबून गेलेल्याचं पिवळ्या. सगळ्यात मोलाची खिडकी हीच.

लॅपटॉप रीस्टार्ट करून दहा मिनिटं नुसता ठेवा. काहीच करत नसताना प्रोसेसरचा वापर ३० टक्के दिसत असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर यंत्राचा दोष नाही, आतल्या पाहुण्यांचा आहे: विंडोजचं अपडेट, अँटिव्हायरसची झाडाझडती, ब्राउझरचा एखादा बेफाम टॅब, क्वचित चोरून आभासी चलन खणणारा प्रोग्रॅम. टास्क मॅनेजरमध्ये वापराच्या क्रमाने लावून पाहिलं की पाहुणा सापडतो.

मग जड काम द्या. एखादं पाच-दहा जीबीचं फोल्डर झिप करायला लावलं तरी पुरे. आता तापमान कसं चढतं ते पाहा, किती चढतं त्यापेक्षा कसं चढतं ते महत्त्वाचं. दोन-तीन सेकंदांत ५० वरून थेट ९८ वर उडी मारली आणि वॉट मात्र १५-२०च, तर ऊब प्रोसेसरमधून बाहेरच पडत नाही: पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. पाच-सात मिनिटांत सावकाश चढत हद्दीला पोचलं, तर ऊब धातूपर्यंत येते पण हवेत जात नाही: धूळ किंवा पंखा. गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर हात धरूनही कळतं. आत ९५ अंश आणि बाहेर येणारी हवा कोमट, तर ऊब जाळीपर्यंत पोचलेलीच नाही. हवा चटका देणारी पण झुळूक क्षीण, तर वाट तुंबली आहे. आणि तापमान ७०-८० वर स्थिर, वॉट अर्ध्या मिनिटाने १५ वर उतरून तिथेच सरळ रेषेत, तर अभिनंदन, तुमचा लॅपटॉप धडधाकट आहे. तो इतकाच आहे.

आत काय असतं

प्रोसेसरवर एक तांब्याची पट्टी बसलेली असते आणि तिथून चपटी नळी पंख्यापर्यंत जाते. ती नळी भरीव तांब्याची आहे असं वाटतं, पण ती पोकळ असते आणि तिच्यात अगदी थोडं पाणी असतं. आतली हवा काढून टाकलेली असल्यामुळे ते पाणी १०० अंशांची वाट न पाहता खूप कमी तापमानाला उकळतं. प्रोसेसरच्या टोकाला वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला धावते, तिथे पंख्याच्या हवेने गार होऊन पुन्हा पाणी होते, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, परत येते. नळीत पंप नाही, आवाज नाही. भरीव तांब्याच्या सळईपेक्षा ही नळी कैक पटींनी जास्त ऊब वाहून नेते. तिला फक्त चेपू किंवा वाकवू नये. वात चिरडली की संपलं.

धूळ कुठे साचते? बाहेरच्या छिद्रांवर नाही, तर पंखा आणि जाळी यांच्या मध्ये, आतल्या बाजूला. तिथे केस, तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखी गादी तयार होते. बाहेरून फुंकलं, तोंडाने किंवा यंत्राने, तर ती गादी मागे सरकते, निघत नाही. तळाचं झाकण काढून, आधी बॅटरीचा जोड सोडवून, पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढले की ती गादी चिमटीत येते. पंख्यावर हवा मारायची तर पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचे बेअरिंग जातात. झाकण काढल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. तो लॅपटॉप चार्जरला न लावता दुरुस्तीला द्यायचा, आणि फुगलेली बॅटरी दाबून सपाट करायचा मोह टाळायचा.

पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि तांबं यांच्यातल्या सूक्ष्म खाचा बुजवणारा लेप. ती स्वतः तांब्याच्या मानाने ऊब फारशी वाहत नाही, हवेपेक्षा बरी इतकंच. म्हणून ती जाड थापू नये. पण लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं टोपण नसतं, सिलिकॉन उघडंच असतं, त्यामुळे लेप पातळ हवा आणि कुठलाही कोपरा कोरडा राहता कामा नये. जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. हीटसिंकच्या स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. त्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे, काढताना उलट क्रमाने. एका बाजूने करकचून आवळलं की दुसरी बाजू उचलली जाते, आणि उघड्या सिलिकॉनचा कोपरा तुटायचीही भीती असते. 'लिक्विड मेटल' नावाचा गॅलियमचा लेप नवख्याने हातीच घेऊ नये. तो वीज वाहतो आणि अ‍ॅल्युमिनियम खातो.

गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवला की खालून हवा घेणारी छिद्रं बंद होतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी पाळत नाही. पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं मागच्या पायांखाली सरकवली तरी काही अंशांचा फरक पडतो. पंखेवाला स्टँड घेण्याआधी ही झाकणं वापरून बघावीत. तुमच्या लॅपटॉपला खालून हवा लागतच नसेल, तर स्टँडवरचे पैसे वाया जातील.

न उघडता करण्यासारखं

विंडोजच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये, पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगांत 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' असतं. ते १०० वरून ९९ वर आणलं की पुष्कळ यंत्रांत एक टक्का नव्हे, तर टर्बोचा, म्हणजे मूळ वेगाच्या वरचा, सगळा वाढीव वेग बंद होतो. प्रोसेसर मूळ वेगाच्या वर जात नाही, व्होल्टेज उतरतं, आणि वर्गाचा तो हिशेब आपल्या बाजूने फिरतो. टायपिंग, ऑनलाइन वर्ग, बँकेची कामं यांना हे पुरतं आणि पंखा गप्प बसतो. उन्हाळ्यापुरता हा उपाय मी स्वतः करतो. नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळ लपवलेली असू शकते. तिथे कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधला 'क्वाएट' किंवा 'बॅटरी सेव्हर' हा पर्याय जवळपास तेच काम करतो. त्याच प्रोग्रॅममध्ये कुणीतरी चुकून 'क्वाएट' लावून ठेवलंय आणि मालक दोन महिने मंदपणाचं कोडं सोडवतोय, असंही घडतं.

पूर्वी व्होल्टेज थोडं उतरवून वेग तोच ठेवायची एक लाडकी युक्ती होती. डिसेंबर २०१९ मध्ये संशोधकांनी 'प्लंडरव्होल्ट' हा हल्ला दाखवला: व्होल्टेजशी खेळून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या गणितात चुका घडवून आणता येतात. त्यानंतर बायोसच्या अपडेटमधून ती कळ बऱ्याच लॅपटॉपवर कुलूपबंद झाली. लिनक्सवाल्यांसाठी एकच टीप: टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन हे विजेचा कारभार बघणारे दोन्ही प्रोग्रॅम एकदम चालू ठेवू नका, एका म्यानात दोन तलवारी.

बायोसचं अपडेट आळसाने टाळलं जातं, पण पंख्याने केव्हा धावायचं आणि प्रोसेसरला किती वॉट द्यायचे हे तिथेच लिहिलेलं असतं. जुलै २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या नव्या सहा कोअरच्या मॅकबुक प्रोबद्दल बोंब उठली की तो जड कामात फारच मंदावतो. सगळ्यांनी पातळ बांध्याला दोष दिला. काही दिवसांत अ‍ॅपलने कबूल केलं की फर्मवेअरमध्ये उष्णता-नियंत्रणाशी संबंधित एक डिजिटल किल्लीच राहून गेली होती, आणि अपडेट दिलं. कुणालाही स्क्रू काढावा लागला नाही.

झाकण मिटून दप्तरात ठेवलेला लॅपटॉप तासाभराने भाजलेल्या वांग्यासारखा निघतो, तो वेगळाच प्रकार. जुन्या पद्धतीच्या झोपेत प्रोसेसरची वीज जवळपास तोडली जायची. आताच्या 'मॉडर्न स्टँडबाय'मध्ये लॅपटॉप मोबाइलसारखा अर्धवट जागा राहतो, मेल बघतो, अपडेट आणतो. एखाद्या प्रोग्रॅमने त्याला नीट झोपू दिलं नाही की बंद दप्तरात, पंख्याला हवा नसताना, तो तापत बसतो. प्रवासाला निघताना झाकण नुसतं मिटू नका. हायबरनेट करा, किंवा सरळ बंद करा.

बहिणीने शेवटी कंपनीचा चार्जर मागवला, १,९०० रुपयांचा. तो लावला त्या संध्याकाळी बॅटरी १४ टक्क्यांवरून पहिल्यांदा हलली आणि वेग ३.१ वर गेला. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याला मी मनातल्या मनात बरंच बोललो होतो, पण त्याने लावलेली पेस्ट उत्तम निघाली. निकालपत्रकं छापून होईपर्यंत, ३८ अंशांच्या त्या खोलीत, लॅपटॉप ७४ च्या वर गेला नाही.